वाटीतली मुंगी

माय, तुझ्या पणतीच्या रक्तात संसर्ग आहे. आज दुपारी चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन सांगितलं. औषध कालच सुरू केलं होतं, ते लागू पडत आहे. काल इथे आणलं तेव्हा बाळ दूध ओढेना, रडेना. अंग गार आणि लुळं. लेक मला विचारत होती, "आई, माह्यं दूध खराब हाय का वो?" डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं. म्हणाल्या, "दुधाचा दोष नाही. बाळ ओढत नाही तेव्हा बहुतेक वेळा बाळच आजारी असतं. संसर्ग असेल, साखर उतरली असेल, गारठलं असेल, कावीळ वाढली असेल. ते शोधावं लागतं." आयुष्यभर बातम्या लिहिल्या, कोण काय बोललं ते टिपून घेण्याची सवय आहे. हे मात्र तेव्हा टिपता आलं नाही.

धानोऱ्याकडच्या आपल्या गावात माझ्या आधीचा तुझा लेक असाच गार पडत गेला. तू एकदाच सांगितलंस, अंगणात मोहफुलं वाळत घालताना. आजीनं तुला वाटीत दूध काढायला लावलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी तडफडली, मेली. "पाह्य वं, तुह्या दुधातच जहर हाय," आजी म्हणाली आणि वाटी बाहेर ओतून आली. लेक गेला. त्याला नेमकं काय झालं होतं, हे आता कोणीच सांगू शकत नाही. पण मुंगी कुणाच्याही दुधात मरते, माय. साध्या पाण्यातही बुडून मरते.

मग मी झाले. मला तू छातीशी घेतलंच नाहीस. बकरीच्या दुधावर वाढले. गावातली पोरं चिडवायची, "काऊन वं बकरीची पोरगी, पाला खाते का?" मी हसायची. घरी येते तर तू चुलीकडे तोंड करून बसलेली. मला वाटायचं, मी तुला नकोच होते. तू गेल्यावर आत्यानं सांगितलं, मी तान्ही असताना रडले की तुझी चोळी दुधानं भिजायची, आणि तू उठून घराबाहेर निघून जायचीस.

तुला लिहिलेला हा कागद पर्समध्येच राहील. एक मात्र सांगते. बाळाला नाकातल्या नळीतून पाजायला लेकीनं मघाशी वाटीत दूध काढून ठेवलं होतं. काठावर मुंगी चढत होती. मी ती घाईनं बोटानं उडवली. सगळं कळूनही, ती आत पडून मेलेली मला पाहवली नसती.

उद्या नळी काढून बाळाला लेकीच्या छातीशी लावणार आहेत. ओढेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.