वाटीचं वजन

आई, तुम्ही पाठवलेला चकलीच्या भाजणीचा कागद अजून माझ्याकडे आहे. लग्नानंतर सहाच महिन्यांत मी तुमच्या मुलाबरोबर इथे जपानात, टोकियोतल्या कोतोला आले आणि पहिल्या दिवाळीला तुम्हाला फोनवर प्रमाण विचारलं. "चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, एक वाटी पोहे, अर्धी वाटी धणे," तुम्ही एका दमात सांगितलंत. मी म्हटलं, "वाटी म्हणजे किती ग्रॅम? इथे तांदळाचा कप वेगळा, बाकीच्या सामानाचा वेगळा." तुम्ही म्हणालात, "अगं, वाटी म्हणजे वाटी!" तरी दुसऱ्या दिवशी आपली रोजची वाटी आणि सगळे डबे पिशवीत घालून खालच्या वाण्याकडे गेलात, त्याच्या काट्यावर एकेक जिन्नस वाटीने तोलून घेतलात, आणि इथून जवळच्या कावासाकीला येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर कागद पाठवलात. खाली लिहिलं होतं, 'आता तरी चुकू नकोस.'

मी चुकले नाही. ग्रॅमला ग्रॅम मोजून घेतलं, भाजलं, दळलं. चकली तेलात पडली की सुटत होती. कढईत नुसता चुरा. तुमचा मुलगा म्हणाला, "चुरापण मस्त लागतो गं," आणि चमच्याने खायला बसला. मी तुम्हाला फोन लावला. आवाज गोड ठेवून म्हटलं, "आई, तुमचं माप चुकलंय बहुतेक." तुम्ही वाद घालाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "असेल बाई. हात गेला माझा आता." पुढच्या दिवाळीपासून तुम्ही चकल्या विकतच्या आणायला लागलात. कुणी प्रमाण विचारलं तर "मला नका विचारू" म्हणायचात. तीन वर्षांनी तुम्ही गेलात.

आता मी एका बेंतोच्या, म्हणजे जेवणाचे डबे भरायच्या, स्वयंपाकघरात अर्धवेळ काम करते. गेल्या महिन्यात काट्यावर वाडगा ठेवून गाजराचा कीस घालत होते, तर तिथल्या मुख्य बाईंनी मनगटच धरलं. "आधी रिकामं भांडं. शून्य कर. मग घाल." हे त्या मला रोजच सांगतात. त्या दिवशी सायकलवरून घरी येताना मात्र तुमचा कागद आठवला. तुमचं स्वयंपाकघर आवरताना ती वाटी मी उचलून आणली होती. तिच्यात मोहरी ठेवते. मोहरी काढून वाटी काट्यावर ठेवली. सत्तर ग्रॅम. कागदावर एक वाटी पोहे एकशे दहा ग्रॅम लिहिलेत. त्यातले खरे पोहे चाळीसच. वाण्याने प्रत्येक वेळी वाटीसकट वजन सांगितलं आणि तुम्ही तसंच लिहून घेतलंत. तांदूळ-डाळींना ते थोडंफार पचलं. पोहे जवळजवळ तिप्पट झाले आणि धणे चौपट. चकली सुटेल नाही तर काय? तुमचं माप बरोबर होतं, आई. हातही कुठे गेला नव्हता.

गेल्या रविवारी सगळ्यांतून वाटी वजा करून चकल्या केल्या. काटेरी झाल्या. तुमच्या मुलाने तीन खाल्ल्या आणि म्हणाला, "आईच्या हातची चव आली." मी त्याला वाटीचं सांगितलं नाही, आणि मी हे लिहितेय तो कागदही त्याच्या हाती लागू देणार नाही. सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मीही चुऱ्याची बशी घेऊन बसले होते, आणि तुम्हीसुद्धा चुकता हे कळून मला फार बरं वाटलं होतं.