डावं पुढचं चाक सोडून

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
गाडीची पूजा झाली. हार, नारळ, चाकांखाली लिंबं. शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक प्रभुलिंग बघायला आले होते. म्हणाले, सर, तुमचा ट्रक काय लोण्यासारखा पळतो हो! असं कोणी बोललं की नजर लागतेच.
मी अंधश्रद्धाळू नाही. एकतीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवलंय. पण खबरदारी म्हणून घोड्याची नाल आणून ठेवली होती. काळ्या घोड्याची, आपोआप गळून पडलेली. घोडा जरा तपकिरी होता, पण सावलीत उभा होता. आणि आपोआप गळायला आम्ही थोडी मदत केली.
लोक नाल बंपरला लावतात. चूक. बंपर पळत नाही, चाक पळतं. दुपारी ड्रायव्हर बिरप्पा जेवायला गेला तेव्हा गाडीखाली शिरून डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला, रिमच्या भोकात बोल्ट घालून पक्की केली. वरून काळा रंग. कंबर धरली. कोणाला सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो. चाळीस दिवस ते चाक खोलायचं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार.
बिरप्पा सांगोल्याहून डाळिंबं भरून पुण्याला जाऊन आला. म्हणतो, मास्तर, पन्नाशीच्या वर काटा गेला की स्टेरिंग लई थरथरतंय. दसऱ्याच्या आदी न्हवतं.
म्हणजे प्रभुलिंगांची नजर लागलीच. आता नजर आणि नाल यांची झुंज चालू आहे, म्हणून थरथर. याचा अर्थ नाल काम करते आहे.
बिरप्पाला हे सांगून उपयोग नाही. तो ट्रकबरोबरच आला. आधीच्या मालकाकडे आठ वर्षं, माझ्याकडे तीन. गाडी मास्तरांपेक्षा मला जास्त कळते, असं तो कधी म्हणत नाही. चेहऱ्यावर मात्र असतं.

८ ऑक्टोबर, बुधवार.
बिरप्पाचा फोन. टेंभुर्णीच्या पुढे एक चाक पंक्चर. शेजारीच पंक्चरवाला होता, तासाभरात तेच चाक पुन्हा बसवून निघाला. कोणतं चाक ते विचारायचं राहिलं.
थरथर कायम. नजर जबरदस्त आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार.
आज स्वतः शेजारी बसून शास्त्रशुद्ध तपासणी. डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र. निरीक्षणे: चाळीसला पाणी शांत. पंचावन्नला तरंग. पासष्टला निम्मं पाणी बिरप्पाच्या पँटवर.
बिरप्पा म्हणाला, सीट हलत न्हाय, नुसतं स्टेरिंग हलतंय, म्हंजे खोट फुडच्या चाकात हाय. डावं फुडचं एकदा खोलून बगा की, मास्तर. हे त्याने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघून.
पंक्चर झाल्यापासून त्याने हा हट्टच धरला आहे. मी त्याला विज्ञानाची पद्धत समजावली. आधी बाकीच्या सगळ्या शक्यता वगळायच्या. डाव्या पुढच्या चाकाची मला वैयक्तिक खात्री आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार.
तिप्पण्णाच्या टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंग. पाच चाकं काढून मशीनवर फिरवली, जिथं कमी तिथं रिमला शिशाचे तुकडे लावले. सहाव्याला हात लावू दिला नाही. तिप्पण्णा म्हणाला, सर, निम्मी दाढी करून उठता का कधी? मी म्हणालो, काही कारणं असतात. बिरप्पा कोपऱ्यात उभा होता. त्याने मान खाली घातली.
निकाल: थरथर मला थोडी कमी वाटली. बिरप्पाला वाटली नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.
उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग बदललं. अलाइनमेंट केलं. चाकांचे नट आवळले. सगळी हवा काढून नवी भरली. थरथर आहे तशी.
डाळिंबाच्या व्यापाऱ्याचा निरोप: फळं एकमेकांवर घासून डागाळतात. दिवाळीनंतर असंच चाललं तर दुसरी गाडी बघतो. आता निर्णय घेतलाच पाहिजे. दिवाळीनंतर घेईन.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.
निर्णय घेतला. गाडीचा प्रत्येक भाग तपासून झाला. उरतो तो ड्रायव्हर. बिरप्पाचं वय अठ्ठावन्न. थरथर स्टेरिंगमध्ये आहे आणि स्टेरिंग त्याच्या हातात आहे. इतकं साधं मला आधी सुचलं नाही.
त्याला घरी बोलावलं. हात पुढे करून तळव्यावर कोरा कागद ठेवायला सांगितला. कागद थरथरला. पंखा चालू होता, पण तो दोन नंबरवरच होता. मी शांतपणे निष्कर्ष सांगितला. आता डोळे आणि हात दोन्ही तपासून घे, तोवर विश्रांती घे, असंही म्हणालो. अपमान होऊ नये म्हणून 'विश्रांती' हा शब्द वापरला.
बिरप्पाने कागद टेबलावर ठेवला. त्यावर किल्ली ठेवली, कागद उडू नये म्हणून. खाली जाऊन गाडीची काच पुसायचं फडकं धुऊन आरशावर वाळत घातलं आणि चालत गेला.
बायकोने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार.
नवा ड्रायव्हर, वेळापूरचा युवराज. वय सव्वीस. हात दगडासारखे स्थिर, कागदावर तपासले. पंखा बंद ठेवला.

२९ ऑक्टोबर, बुधवार.
युवराज परत आला. गाडीतून उतरून अर्धा मिनिट दाराला धरून उभा राहिला. म्हणाला, ह्या गाडीनं माझी दाढ हलली. डावं फुडचं चाक बगा. मी पुन्यांदा बसत न्हाय.
म्हणजे सव्विसाव्या वर्षीही हात थरथरतात. आजकालची पिढी.

३ नोव्हेंबर, सोमवार.
पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो होतो. दोन तास लागले. जिवंत असल्याचं सिद्ध करून घरी आलो तर गाडीचं डावं पुढचं चाक अंगणात आडवं, शेजारी तिप्पण्णा, आणि बायको हातात नाल घेऊन उभी. तिनेच फोन करून त्याला बोलावलं होतं. नाल तिने स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. चारशे दहा ग्रॅम.
तिप्पण्णा म्हणाला, सर, आमी वीस-तीस ग्रॅमसाठी मशीन फिरवतो.
चाक मशीनवर जाऊन आलं. तिप्पण्णाने गाडी हायवेला नेली. सत्तरला फुलपात्रात साधा तरंगही नाही.
फिरत्या वस्तूवर एका बाजूला वजन जास्त झालं की ती थरथरते. आठवी, केंद्रोत्सारी बल. दोरीला दगड बांधून वर्गात फिरवायचो. एकतीस वर्षं फिरवला.
लाज वाटते. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार.
मंद्रूपला बिरप्पाच्या घरी गेलो. रस्त्यात ठरवलं होतं: माफी मागायची नाही, नुसतं सांगायचं की गाडीतला तांत्रिक दोष मिळाला, उद्यापासून ये. त्याच्या बायकोने चहा दिला. मी तांत्रिक दोषाचं सांगितलं.
बिरप्पा म्हणाला, नाल व्हय? मला ठावं हुतं की. पंक्चर ते डावंच चाक हुतं. खोललं तवाच दिसली.
मी विचारलं, मग काढली का नाहीस?
म्हणाला, तुमी एवढ्या मनानं लावल्याली. आन् शिकल्याली माणसं, काय तरी कारण असंल. चोरून काढून टाकायचं माझं मन झालं न्हाय. म्हनून तर म्हनत हुतो, तुमीच खोलून बगा. नाव घेतलं असतं तर तुमाला लोकांत लाज आली असती.
मी कप खाली ठेवला. शेवटी माफी मागितली. ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघाली. म्हणालो, बिरप्पा, उद्यापासून ये.
तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, कारखान्याच्या उसाच्या गाडीवर लागलोय, मास्तर. आन् माझा हात थरथरतोय की. तुमीच तपासून सांगितलंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
व्यापाऱ्याने दुसरी गाडी लावली.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०.
अंतिम तपासणी. फुलपात्र काठोकाठ भरून डॅशबोर्डवर ठेवलं. शेजारच्या सीटवर दोन तास बसलो. एक थेंब सांडला नाही. थरथर पूर्ण बंद.
आरशावरचं बिरप्पाचं फडकं कधीच वाळलंय. काढलं नाही. गाडी दारात उभी आहे.