गाडी उघड्यावर लावा

अनगोळ, ४ एप्रिल

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न.

निपाणीला सगळी खुशाल असाल. मी शोरूममध्ये दिवसभर फोनच लावतो, आणि काल माझाच फोन फुटला. खरं म्हणजे मीच आपटला. म्हणून हे पत्र.

कंपनीनं गाडीचं एक मॉडेल परत मागवलंय. ब्रेकचं तेल झिरपून वायरींवर पडतंय. ब्रेक तर दगा देतातच, पण नुसती उभी गाडीसुद्धा पेट घेते. गिऱ्हाइकांना कळवायचं काम माझ्याकडं. त्यात केतकीच्या बाबांची, शरदरावांची गाडी निघाली. नंबर मला तोंडपाठ, हसू नकोस. पण इकडचा कर वाचवायला शरदरावांनी ती महाराष्ट्रात, कागलच्या मेव्हण्याच्या पत्त्यावर घेतलेली, एमएच पासिंग. कंपनीचे सगळे निरोप तिकडं. मी फोन केला तर मेव्हणा म्हणाला, इन्शुरन्स-बिन्शुरन्स नको, आणि ठेवून दिला.

म्हणून स्वतः गेलो. दारात गाडीचं नाव काढतोय तोवर शरदराव म्हणाले, कॉलेज अर्धवट टाकलंस, आता पोरीला बघायला गाडीचं निमित्त काढलंस व्हय. गल्ली गोळा झाली. माझं डोकं फिरलं. जळू दे तुमची गाडी, असं ओरडलो, फोन आपटला आणि निघालो. केतकीची आई, विद्युल्लताकाकू, फाटकापर्यंत मागं आल्या. राग निवला की ये, काय ते मला नीट सांग, म्हणाल्या. मी वळून बघितलं न्हाई. केतकी गॅलरीत होती. तिनं तरी थांबवायचं की न्हाई?

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
साईराज


निपाणी, ८ एप्रिल

चि. साईराज यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन लागेना, म्हणून हे बेळगाव बसच्या कंडक्टर भरमूअण्णांच्या हातून धाडतेय. तुझं पत्र ऐकून दाजी म्हणाले, आमचा मेव्हणा कंपनीचं काम करायला गेलता की मागणी घालायला?

पण मला हसू येईना. गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा, एवढं तरी बोललास का रं? पत्रात सगळं भांडण आहे, ते कुठंच न्हाई. ती गाडी जिन्याखाली असते, हे तूच मला सांगितलेलंस. स्वतः जायला जड वाटत असलं तर शोरूममधलं दुसरं कुणी पाठव, न्हाईतर काकूंना गाठ. मान खाली घालावी लागली तर घाल. आजच जा. लई बोलले असेन तर तुझ्या काळजीपोटी, मनात धरू नकोस.

तुझी,
आक्का


अनगोळ, २१ एप्रिल

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न.

तुझं पत्र हातात पडलं त्याच दिवशी निघालो होतो. आंघोळ केली, शर्ट बदलला. गल्लीच्या तोंडाशी भांडणाच्या दिवशीचीच माणसं कट्ट्यावर बसलेली. एकजण हसून म्हणाला, आला बघा जावई. मी परत फिरलो. उद्या शोरूममधल्या सौरवला पाठवू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सौरव निघायच्या आतच, दुपारी गाडी पेटली, उभ्या जागी. जिना धुरानं भरला. शरदराव कोर्टात कामावर, केतकी कॉलेजला. काकू वर निजलेल्या. आक्का, काकू गेल्या.

जळू दे म्हणून हाच ओरडून गेलता, असं गल्लीनं पोलिसांना सांगितलं. मला स्टेशनात बसवून ठेवलं. कंपनीच्या माणसानं गाडीचा सांगाडा तपासला आणि ब्रेकचं तेल झिरपूनच पेटली, असं लेखी दिलं. मग सोडलं. त्या सगळ्यात माझ्या डोक्यात एकच होतं, केतकीला आता कळंल की मी केलं न्हाई.

ती जबाबाला आलेली, बाहेर बाकावर बसली होती. मी म्हटलं, बघितलंस न्हवं, आग मी लावली न्हाई. ती ओरडली न्हाई, रडलीही न्हाई. म्हणाली, तूच लावलीस असं निघावं म्हणून मी देवाला विनवत होते. तुझा राग राग करून मोकळी तरी झाले असते. पण तुला ठाऊक होतं. तुला ठाऊक होतं, आणि तू रुसून घरी बसलास.

शरदराव जबाब देऊन बाहेर आले, आणि त्यांचा हात धरून ती गेली.

शोरूममध्ये जातो. फोन लावतो. कुणी उचलला की नाव सांगायच्या आधी, गाडी उघड्यावर लावा, एवढंच तोंडातून येतं. लोक खुळा समजून ठेवून देतात. मी परत लावतो.

मला तिकडं बोलाव म्हणत न्हाई. रागानं का होईना, चार ओळी लिहीत जा.

साईराज