शिट्टीवर परतणारं पिल्लू

मेकनेस, ४ मार्च १९९४

चि. इट्टोस बस्सूदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

बाजारात तुमच्या डोंगरावरचा लोकरवाला भेटला. तुझी सून तुदा म्हणे कुत्र्याच्या पिल्लाला काठी दाखवतच नाही. हाकेला आलं की उकडलेल्या काळजाचा तुकडा देते. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलंय. इट्टो, तुकड्यावर शिकलेला कुत्रा चोराच्या तुकड्यालाही शेपूट हलवणार. आणि रोज दुपारी ती त्याला घेऊन झऱ्यापलीकडे का जाते, हे विचारलंस का? तुझा लेक झैद वारून दोन वर्षं झाली, ती तरणी आहे. मेंढ्यांवर लक्ष ठेव, सुनेवरही.

भावावर राग न धरता माया ठेव.
बस्सू

तिमहदित, १९ मार्च

ती. दादांना इट्टोचा सलाम, वि. वि.

पत्र वाचून माझ्याही मनात पाल चुकचुकली. झैद गेल्यापासून तुदा माझ्याशी कामापुरतंच बोलते. तीन दुपारी मी दगडी कुंपणाआड लपून बसले. तिकडे कुणी पुरुष नव्हता. ती हलकी शिट्टी घाली, पिल्लू धावत येई, तुकडा मिळे, आणि ती त्याच्याशी हसून काहीबाही बोले. मला वाटलं, माझ्याच चुगल्या करत असणार, दुसरं काय.

परवा कुणीतरी कोल्ह्यांसाठी विष घातलेलं मांस ओढ्याकाठी टाकलं होतं. पिल्लानं ते तोंडात धरलं. मी काठी उगारून ओरडत धावले, तर ते मांसासकट आणखी लांब पळालं. तेवढ्यात मागून शिट्टी आली. पिल्लू थबकलं, मांस टाकून तुदाकडे गेलं. तिनं त्याचं तोंड धुतलं, मग तुकडा दिला. मला म्हणाली, आई, कुंपणाआड गारठा असतो, उद्यापासून इकडेच येऊन बसा.

दादा, मान वर करवेना मला. तुमची सावली आम्हांवर असू द्या.
इट्टो

मेकनेस, २ एप्रिल

चि. इट्टोस आशीर्वाद.

माझा कुत्रा अमघार असंच मांस खाऊन मेला. हावरट होता, हाक ऐकली नाही, असं मी वीस वर्षं सर्वांना सांगत आलो. खोटं आहे ते. त्यानं हाक ऐकली होती. वळून माझ्याकडे पाहिलं, हातातली काठी पाहिली, आणि घास घाईघाईनं गिळला.

हे तुदाला वाचून दाखव. समोर येऊन सांगायचा धीर मला होत नाही. तिनं या म्हाताऱ्याबद्दल मनात काही ठेवू नये.

तुम्हा दोघींचा,
बस्सू