लासूरहून येणाऱ्या वाकळी

माय, तू गेल्यावर मी जुन्या कपड्यांचाच धंदा धरला. हे तुला कळलं असतं तर तू कपाळावर हात मारला असतास. स्टीलच्या भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन सिडकोतल्या गल्ल्या तुडवायच्या, एका पातेल्याच्या बदल्यात जुन्या साड्या आणि पँटी मागायच्या, दारोदारच्या बायकांशी घासाघीस करायची आणि रविवारी तो गठ्ठा जाफर गेटच्या बाजारात नेऊन विकायचा, हे तुझं आयुष्य. बोहारणीची पोरगी बोहारीण होऊ नये म्हणून तू मला शिकवलंस, आणि मी शिकूनसवरून पुन्हा तिथंच येऊन बसले. फरक एवढाच की गारखेड्यात माझं दुकान आहे, त्याला काचेचं दार आहे, आणि जुन्या साडीचा कुर्ता किंवा जुन्या जीन्सची पिशवी शिवून टांगली की कॉलेजच्या मुली आधी फोटो काढतात आणि मग भाव विचारतात. पातेलं कुणी मागत नाही.

भांडवल म्हणून तुझ्याकडून मला एकच गोष्ट मिळाली, तुझा संशय. शाळेच्या सुट्टीत मी तुझ्यामागून हिंडायची. एका बंगल्याच्या पायरीवर आपण बसलोय, आतल्या सुनेनं आणलेली साडी तू उलगडून उन्हात धरतेस, नाकाला लावतेस, काठ अंगठ्यानं चोळून बघतेस आणि विचारतेस, "ही कुणाची हाय?" सून वैतागते. "तुम्हाला काय करायचंय कुणाची ते?" तू जागची हलत नाहीस. "सांगा की. सासूबाईला बोलवा जरा." सासू आली, तिनं मान हलवली, मगच साडी गाठोड्यात गेली. त्या बायकाही तुझ्यावर तितकाच संशय घ्यायच्या. पातेलं बोटानं वाजवून बघायच्या, डब्याची झाकणं दहा वेळा लावून काढायच्या, आणि कुणी करणी करील म्हणून काहीजणी लेकरांच्या सदऱ्याचं एक बटण तोडून ठेवायच्या. एकदा तू पाणी प्यायला वळलीस तेव्हा मी एक जरीची साडी परस्पर गाठोड्यात टाकली. घरी आल्यावर चुलीपुढं तू मला झापलंस. "कुणाचं ते इचारल्याबिगर हात लावायचा नाय. समजलं?" मला वाटलं, चोरीचा माल अंगावर येऊ नये म्हणून तू एवढी चिडलीस.

दुकानात मीही तशीच वागते. कुणी ओळखीचं गिऱ्हाईक कपाटातले कपडे घेऊन आलं तरी मी आधी शिवण उसवून बघते. हल्ली तर उलटीच तऱ्हा झाली आहे. तुझ्या वेळी लोक जुनं इस्त्री करून नवं म्हणून खपवायचे, आता नवं चहाच्या पाण्यात बुडवून जुनं म्हणून खपवतात, कारण जुन्याला भाव आला आहे. गिऱ्हाइकांचंही कळत नाही. त्यांना वापरलेलं हवं असतं, पण कुणी वापरलेलं नको असतं. "खरंच जुनं आहे ना?" असं विचारतात आणि लगेच पुढं, "स्वच्छ आहे ना पण?"

माझं नाव झालं ते वाकळींच्या जाकिटांमुळं. शहरातले लोक तिला गोधडी म्हणतात. फाटक्या साड्यांचे थर एकावर एक घालून हातानं टाके घातलेली ती वाकळ वर्षानुवर्षं पांघरली की इतकी मऊ होते की तसं कापड कुठल्याच गिरणीत मिळत नाही. तिची जाकिटं आमचे शिंपीमास्तर शिवतात, आणि प्रत्येकाला मी एक चिठ्ठी अडकवते, 'या वाकळीत एक घर झोपलं आहे.' लोकांना ते वाक्य फार आवडतं. मलाही आवडायचं. मागच्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या दुकानानं ही जाकिटं ठेवायचं कबूल केलं, पण माल खरोखर घरातला, जुना आणि वापरलेला असला पाहिजे हे त्यांनी पक्कं करून घेतलं. एक जरी खोटं निघालं तरी सगळा व्यवहार बंद, आणि या धंद्यात एकदा तोंड काळं झालं की पुन्हा दार उघडत नाही.

वाकळी आणायच्या त्या एक मावशी. लासूर स्टेशनच्या पुढच्या वस्तीवर राहतात, त्यांच्या घरची मेंढरं आहेत, आणि पॅसेंजरनं गठ्ठा घेऊन येतात. आल्या की चहा बशीत ओतून पितात, कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. त्यांच्यावर माझा विश्वास होता असं नाही, पण माल खरा होता. मग यंदा पावसाळ्यात आलेला गठ्ठा उघडला आणि माझं डोकं फिरलं. खरी वाकळ उशाकडं काळपट झालेली असते, डोक्याचं तेल लागून, आणि पायाकडं विरलेली. ह्या सगळीकडून सारख्याच विटलेल्या. टाका उसवला तर आतला दोरा करकरीत पांढरा. शिवाय मळकट वास, मेंढरांचा. मी मास्तरांना दाखवलं. मला ते बाजी म्हणतात, म्हणजे ताई. ते म्हणाले, "कायकू शक करते बाजी, माल तो अच्छाच है." मला मास्तरांचाही संशय आला. मावशी त्यांना काही देतात की काय, असं मनात येऊन गेलं. त्यांच्यासारख्या माणसावर! पण आलं खरं.

कुणालाही न सांगता मी एसटीनं लासूरला गेले आणि तिथून जीपनं वस्तीवर. मावशी पत्र्याच्या सावलीत मांडीवर नवी वाकळ घेऊन टाके घालत बसल्या होत्या. बाजूच्या काटेरी कुंपणावर आणखी वाकळी वाळत घातलेल्या, माझ्या गठ्ठ्यातल्यासारख्याच. मला वाटलं आता गडबडतील, मांडीवरचं लपवतील. त्यांनी सुई दातात धरली, मला बसायला पोतं पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "आलीस व्हय? मला वाटलंच व्हतं."

"मावशी, ह्या जुन्या नाहीत. तुम्ही शिवताय."

"मी शिवतीय. मंग पोरं मेंढरांमागं निघाली का त्यांच्यासंगं देते. दिवाळीपून पार पावसापस्तोर रानात त्याच आंथरत्यात, त्याच पांघरत्यात. तुला वापरलेली पायजे ना? वापरलेलीच हाय."

"पण आधी आणायच्या त्या तशा नव्हत्या. त्या खऱ्या होत्या."

मावशींनी सुई वाकळीत खुपसून ठेवली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला एकदम वाटलं, आता मीच संशयित आहे. "त्या खऱ्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "पर कुटनं यायच्या ते इचारलंस का कधी? चांगली पांघरायची वाकळ कोण इकतं पोरी? माणूस मेलं का त्याचं आंथरूण-पांघरूण नदीवर टाकून येत्यात. म्या उचलून आणायची, सोड्यानं धुवायची आन् तुला द्यायची. कुण्या बाईनं आधीच उचलून चार-सा वरीस पांघरलेली असली तर तिच्याकडनं इकत घ्यायची." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "आमचं म्हातारं गेलं. त्यांची वाकळ बी टाकली. दुसऱ्या दिशी गेले तर एक बाई ती दगडावर आपटून धूत व्हती. ती बी तुझ्यासारख्याच कुणाला देनार असंल. तवापासनं हात लावू वाटंना. म्हून ह्या शिवल्या."

मी उठले नाही. उन्हं कलली, त्यांनी चहा दिला, तो मी प्यायले. परतताना जीपमध्येही माझं मन त्यांचं बोलणं उसवून बघत होतं. पकडल्या गेल्या म्हणून ही गोष्ट रचली असेल का? माझं तोंड बंद करायला याहून चांगली गोष्ट कुठली? अजूनही मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण माय, एवढं मात्र कळलं की मी इतकी वर्षं माल नाकाला लावला, उन्हात धरला, दोरा दोरा तपासला, आणि तू ज्यावरून मला चुलीपुढं झापलंस तेवढंच विचारायचं राहून गेलं. चोरीची भीती तुला नव्हतीच बहुतेक. कुणाचं ते माहीत असावं, एवढंच तुला हवं असावं.

पुण्याला मी फोन करून खरं ते सांगितलं. नव्या वाकळी आहेत, एक हंगाम मेंढपाळांनी रानात पांघरलेल्या. पलीकडच्या बाई म्हणाल्या की ही गोष्ट तर आणखी चांगली आहे, असंच लिहा. मला त्यांचाही संशय आला, पण चिठ्ठी बदलली. मावशी अजून येतात. आधीच्या वाकळींबद्दल मी फोनवर काही बोलले नाही. ती जाकिटं कुणाकुणाच्या अंगावर आहेत, आणि त्यांना काय सांगायचं, मला सुचत नाही.

आणि एक गोष्ट आहे, ती मी कुणाजवळच बोललेले नाही. तू गेलीस ती मामाकडं असताना, गंगापूरच्या अलीकडच्या त्याच्या गावात. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाला, तिचं आंथरूण-पांघरूण नदीवर टाकून आलो. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, की ते मला बघावं लागलं नाही. मावशींच्या वस्तीपासून मामाचं गाव फार लांब नाही. वस्तीवरून आल्यापासून मी रोज आठवायचा प्रयत्न करते. गल्लीतल्या बायकांच्या साड्यांचे काठ मला आठवतात, मामीचं लुगडं आठवतं, तू पाटीखाली डोक्यावर घ्यायचीस ती चुंबळ कुठल्या कापडाची होती तेही आठवतं. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. कारण तुझी वाकळ कशी होती ते मला आठवत नाही, माय. निळी होती का हिरवी, तेही नाही. ती माझ्या समोर आली असेल, तर चांगला माल आहे असं म्हणून मीच ती मास्तरांकडं कापायला दिली असेल.