थोरलीच्या हाताची चव

सोमवार
आले बाई एकदाची टीव्हीवर! या हॉटेलच्या स्वयंपाकघरात नट-नट्यांची रांधायची स्पर्धा आहे आणि चव सांगायला मी. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते, धाकट्या लेकीची पोर, माझी नात, लिहिते; तीही इथेच कामाला. शिव्या गाळायच्या नाहीत, असं बजावलंय. नटीने कांदा धरला तो तान्हं पोर धरावं तसा. गायकाने पातेलं सोडून झाकणच चुलीवर चढवलं.

परीक्षक म्हणजे इथला बडा शेफ. त्याने मला ओळखलं नाही. बरंच झालं. माझी थोरली लेक याच्याच हाताखाली राबायची. उलट बोलली म्हणून याने तिला कोल्ड रूममध्ये कोंडलं, आणि ती आत गारठून मेल्यावर सगळ्यांना सांगितलं, दार अडकलं होतं. चवीचं निमित्त. याच्या तोंडून खरं वदवायला आलेय मी.

बुधवार
नटीच्या सूपला करपल्या कांद्याची चव. थोरली कांदा असाच करपवायची. मी ओरडले की म्हणायची, आई, तुझ्या जिभेपेक्षा गोडच आहे. पण नटीने कांदा घातलाच नव्हता! गायकाच्या गोड क्रीमलाही तीच चव. शेफने चमचा तोंडात घातला आणि पांढराफटक पडला. मी विचारलं, ओळखीचा हात वाटतो का हो? मी मात्र दोनदा वाढून घेतलं.

नात कुरकुरली, याचं काही झालं तर आम्हा सगळ्यांची नोकरी जाईल. म्हटलं, सुक्याबरोबर ओलंही जळतं, बाई.

शुक्रवार, सकाळी
शेफला पाण्यातही कांदा लागतो म्हणे. लागू दे मेल्याला.
नात कोल्ड रूममधून लोणी आणायला गेली, ती उशिराच आली. बोटं बर्फ. बोलत नाही, नुसती लिहिते. मुकी झालीस का गं, विचारलं तर हसली.

दुपारी
आतून कुणी हाक मारली म्हणून शेफ कोल्ड रूममध्ये गेला. दार मागे आपोआप लागलं. आता आतून दारावर थापा मारतोय. मी दाराला पाठ लावून बसलेय. कॅमेरावाल्याला म्हटलं, मोटर धडधडतेय, जा, जेवून घे.

ओरडतोय — मीच कोंडलं तिला, मीच — लिही गं, नीट लिही. बस आता आत, मेल्या. थोरलीही बसली होती.

आणखी एक आवाज आहे. बारीक. आजी, आजी म्हणतोय — सकाळपासून आत आहे म्हणतोय — लोणी आणायला —

कडी हलत नाही —

मग माझ्याशेजारी बसून हे लिहिणारी — कांदा करपल्याचा वास — थोरले! अगं, ती तुझी भाची, तिचं काय चुकलं — हसतेस काय — कडी सोड, थोरले, कडी —

आई, दार अडकलं होतं, असं सगळ्यांना सांग.