तळ्यातलं गवत आणि माझं एक ‘ग्रँड’

लेटरकेनी, रविवार
(महिना जुलै, थंडी डिसेंबरची)

तीर्थस्वरूप मुरलीधरराव यांना,

दोन स्वेटर आणि वर एक रेनकोट घालून जितकं वाकता येतं तितकं वाकून पद्माकरचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमची शुगर, वहिनींची कंबर आणि तुमच्याकडे मुक्कामाला असलेल्या तुमच्या बहिणीचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती प्रमोदिनीचा, नवा गुडघा, ही तिन्ही मंडळी ठीक असतील अशी आशा करतो. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या घरी फोन आला की तो स्पीकरवर जातो, आणि व्हॉट्सॅप तुमच्याआधी प्रमोदिनी वाचते. म्हणून पाकिटावर मुद्दाम ‘सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना’ असं लिहिलंय, म्हणजे ती उघडणार नाही. (वर तिकीट आयर्लंडचं लागणार, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.) कृपया एकट्यानेच वाचा.

मला इथे कशाला पाठवलंय ते तुम्हाला माहीत आहेच. आमच्या मुक्ताने, एवढी डॉक्टर झालेली मुलगी, टायग नावाचा इथला शाळामास्तर पसंत केलाय. (त्याचं नाव लिहिताना पाच अक्षरं लिहितात, त्यातली दोन कुणीच उच्चारत नाही. मग ठेवली कशाला?) निघताना प्रमोदिनीने दारात बजावलं होतं: गोड बोलायचं, देतील ते खायचं, आणि नाही सांगून यायचं. तीन आठवडे मी गोड बोलतोय आणि खातोय. तिसऱ्या कलमाला मुहूर्त मिळेना, कारण इथलं इंग्रजी मला कळत नाही. अहो, चाळीस वर्षं ऑफिसात इंग्रजीत पत्रं लिहिली मी! पण इथली माणसं वाक्य सुरू करतात आणि मला उलगडा होईपर्यंत ते संपवून चहा टाकायला गेलेली असतात. शेवटी मी एकच शब्द उचलला, ग्रँड. तब्येत कशी? ग्रँड. आणखी बटाटे? ग्रँड. पाऊस आला? तोही ग्रँड. कुठेही चालतो आणि समोरचा खूश होऊन पुढे जातो.

तर काल टायगने मला ट्रोलिंगला नेलं. ट्रोलिंग म्हणजे आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीला जे करतात ते, अशी माझी समजूत. दीड तास गाडी चालली तरी मी विचारच करत होतो, की नक्की कुणाला करायचंय? निघालं एक तळं. होडी अगदी हळू चालवायची आणि मागे दोरीला लाकडाचा रंगीत मासा बांधून ओढायचा, याला ट्रोलिंग म्हणतात. त्या लाकडी माशाच्या तोंडाला एक पट्टी असते, तिच्यामुळे तो डुलत डुलत खाली जातो आणि खरे मासे फसतात. (मी फसलो नसतो.) मी आयुष्यात मासे पकडले ते फक्त ताटात. आणि तळ्यात पाणी कमी, गवतच जास्त! दर तीन मिनिटांनी मी ‘लागला, लागला’ म्हणून ओरडायचो आणि वर यायची शेपूच्या जुडीएवढी जुडी.

होडी चालवत होते टायगचे काका, मॅनस. (मला ते शेवटपर्यंत ‘माणूस’ असंच ऐकू आलं.) ते टायगकडे बोट दाखवून मला सारखे ‘युअर मॅन’ म्हणत होते. माझं डोकंच फिरलं. तुमचा माणूस? अजून कशात काही नाही आणि हे आमच्या गळ्यात बांधून मोकळे! मग काठावरून जाणाऱ्या एका सायकलवाल्यालाही ते युअर मॅन म्हणाले, पुढे एका बगळ्यालाही. तेव्हा माझा राग गेला आणि नुसता गोंधळ उरला.

एवढ्यात माझी दोरी ताणली गेली. या वेळी मासाच, अशी खात्री होऊन मी दोरी हाताला गुंडाळली आणि सगळा जोर लावला. दोरी तुटली, लाकडी मासा गवतात गडप. मग काकांच्या खाणाखुणांवरून हळूहळू कळलं, तो मासा टायगच्या वडिलांनी हाताने कोरलेला होता. वडील मागल्या वर्षी गेले. तेवढा एकच उरला होता. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! टायगने काय केलं असेल? माझा हात हातात घेतला, दोरीने अंगठा कापलाय का ते उलटसुलट करून पाहिलं, आपला रुमाल बांधला आणि म्हणाला, ग्रँड.

परत फिरलो. होडीच्या मोटारीची फटफट चालू होती. टायगने वळून काहीतरी लांबलचक विचारलं, त्यात मुक्ताचं नाव होतं. मुक्ताने दिलेली सँडविचं काढू का, असं असणार. मी म्हणालो, ग्रँड. तो बघतच राहिला. काकांनी मोटार बंद केली. त्याने पुन्हा सावकाश विचारलं. मी पुन्हा म्हणालो, ग्रँड. तर काका टोपी काढून रडायलाच लागले! टायग मिठी मारायला उठला आणि होडी उलटता उलटता राहिली. सँडविचवर इतकी माया?

घरी पोचलो तर मुक्ता दारातच गळ्यात पडली. म्हणे, बाबा, तुम्ही खरंच हो म्हणालात? तोवर टायगच्या आईचे तीन बहिणींना फोन करून झाले होते आणि चौथी केक घेऊन निघाली होती. आता तुम्हीच सांगा, यातून मी मागे कसा फिरू?

वहिनींना नमस्कार. अंगठा बरा आहे.

आपला,
पद्माकर

ता. क. प्रमोदिनीला तुम्हीच सांगा. थोरल्या भावावर ती आवाज चढवत नाही. व्यायाम झाल्यावर पाय स्टुलावर असतो तेव्हा सांगा, चटकन उठता येत नाही. भाषेचा घोटाळा झाला म्हणा, पद्माकरला काही कळलंच नाही म्हणा. यावर तिचा लगेच विश्वास बसेल.

ता. क. २ आमच्या कपाटात चंदनाचा एक तुकडा आहे. येणाऱ्या कुणाबरोबर पाठवा. मी मासा कोरायला घेतलाय, इथल्या लाकडाचा पहिला बटाट्यासारखा झाला.

ता. क. ३ पहिल्यांदा मला सँडविचच ऐकू आलं होतं. पण दुसऱ्यांदा मोटार बंद होती, मुरलीधरराव. हे तिला सांगू नका.